चांदीची शाई

[शाईने आपण लिहितो. पण जिच्या रेघेतून वीज वाहते अशी शाईही शास्त्रज्ञांनी तयार केली आहे. ती कशी बनते, छपाईच्या यंत्रातून कागदावर कशी उतरते आणि कोकणच्या पावसात तिच्यापुढे कोणती अडचण उभी राहते, ते या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, फारसी-अरबीतून आलेले कितीतरी शब्द उर्दूत आहेत, तसे मराठीतही आहेत. तुमचा 'काग़ज़' मराठीत 'कागद' झाला. 'दवात'ची 'दौत' झाली आणि 'स्याही'ची 'शाई' झाली. मिठाईवर लावतात तो चांदीचा 'वर्ख' म्हणजे तुमचा 'वरक', म्हणजे पान. 'कलम' हा शब्द तर दोन्ही भाषांत जसाच्या तसा आहे. आपल्या रत्नागिरीत तो हापूस आंब्याच्या झाडासाठीही वापरतात. आज आपण ज्या वस्तूची माहिती घेणार आहोत, तिच्यात कागद, शाई आणि चांदी ही तिन्ही आहेत.

तुम्ही पेनाने वहीत एक रेघ काढा. तिची दोन टोके विजेरीच्या सेलला आणि छोट्या दिव्याला जोडली, तर दिवा लागेल का? लागणार नाही. साध्या शाईत रंग असतो, पण ती वाळल्यावर तिच्यातून वीज जात नाही. विजेला जायला धातूसारख्या वाहकाची वाट लागते. सर्व धातूंत चांदी ही विजेची सर्वांत चांगली वाहक आहे. तांब्याचा क्रमांक तिच्यानंतर लागतो. मग शाईतच चांदी घातली तर? ज्या रेघेतून वीज जाईल अशी रेघ आपल्याला नुसती छापून काढता येईल का? येते. मात्र त्यासाठी चांदीला फार लहान व्हावे लागते.

आधी अशा रेघेची गरज कुठे पडते ते पाहू. एखादा बंद पडलेला रेडिओ उघडला, की आत हिरवट रंगाची एक पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक पट्ट्यांचे जाळे असते. पूर्वी रेडिओत तारा इकडून तिकडे नेऊन डाख देत असत. आता त्या तारांचे काम या पट्ट्या करतात. अशा पाटीला सर्किट बोर्ड म्हणतात.

या पट्ट्या तयार करण्याची नेहमीची रीत थोडी विचित्र आहे. पाटीच्या संपूर्ण अंगावर तांब्याचा पत्रा चिकटवलेला असतो. जिथे पट्टी हवी, तिथे त्या पत्र्यावर संरक्षक लेप देतात. मग पाटी फेरिक क्लोराइडसारख्या रसायनात बुडवतात. लेप नसलेले तांबे विरघळून जाते आणि लेपाखालचे तांबे पट्ट्यांच्या रूपाने उरते. म्हणजे आधी सगळीकडे तांबे लावायचे आणि मग त्यातले बरेचसे काढून टाकायचे. काढलेले तांबे त्या रसायनात उतरते. ते पाणी तसेच नाल्यात सोडले, तर नदीतले मासे मरतात. म्हणून ते शुद्ध करावे लागते आणि त्याला खर्च येतो.

यापेक्षा जिथे धातू हवा तिथेच तो ठेवला तर वाया काहीच जाणार नाही. छापखान्यात आपण हेच करतो. कागदावर अक्षर हवे तेवढीच शाई लावतो. सगळा कागद काळा करून मग मोकळी जागा खरवडत बसत नाही. धातूच्या रेघा छापण्याची कल्पना येथूनच पुढे आली.

धातूच्या रेघा छापण्याचा एक प्रकार बराच जुना आहे आणि तो तुम्ही पाहिलेलाही आहे. लग्नाच्या पत्रिका, कापडी फलक, पिशव्या यांवर स्क्रीन प्रिंटिंगने छपाई करतात. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीतून दाट शाई दाबून खाली उतरवतात. याच रीतीने चांदीचा दाट लेपही छापता येतो. छपरावरचे सौर पॅनेल जवळून पाहा. त्याच्या निळ्या-काळ्या चकत्यांवर केसासारख्या पांढुरक्या रेघा दिसतील. त्या चांदीच्या असतात. बहुतेक पॅनेलांत त्या जाळीतून छापून, सुमारे सातशे ते आठशे अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजून पक्क्या केलेल्या असतात.

या रीतीला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी, की प्रत्येक नव्या नक्षीसाठी नवी जाळी तयार करावी लागते. एकाच नक्षीच्या लाखो प्रती हव्या असतील तर ते परवडते. पाच-दहा प्रतींसाठी परवडत नाही. दुसरी मर्यादा भट्टीची. सिलिकॉनची चकती एवढी उष्णता सोसते, पण कागद जळून जाईल आणि प्लास्टिक वितळून जाईल. जाळीही नको आणि एवढी मोठी भट्टीही नको, अशी काही रीत आहे का? शास्त्रज्ञांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर संगणकाजवळच्या छपाई यंत्रात शोधले आणि दुसऱ्याचे उत्तर चांदीच्या कणांत.

शाळेच्या कार्यालयात किंवा झेरॉक्सच्या दुकानात इंकजेट प्रिंटर असतो. 'इंकजेट' म्हणजे शाईची चिळकांडी. त्याच्या डोक्यात अतिशय बारीक छिद्रांच्या रांगा असतात. प्रत्येक छिद्रातून संगणक सांगेल त्या क्षणी शाईचा एक थेंब सुटतो. यंत्राचे डोके कागदाला टेकतसुद्धा नाही. नक्षी बदलायची असेल तर संगणकातले चित्र बदलले की पुरे.

शाईच्या चिळकांडीने कागदावर नोंद करण्याच्या यंत्राचे पेटंट १९५१ साली स्वीडनच्या रूने एल्मक्विस्ट यांना मिळाले. वैद्यकीय उपकरणातली नोंद कागदावर भराभर उतरावी, हा त्यांचा हेतू होता. याच एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर १९५८ साली पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवण्यात आला. पुढे हवा तेव्हाच थेंब सोडण्याच्या दोन युक्त्या रूढ झाल्या. पहिल्या युक्तीत छिद्रामागची शाई क्षणभर तापवतात. तिच्यात वाफेचा बुडबुडा होतो आणि तो पुढच्या शाईला ढकलतो. दुसऱ्या युक्तीत छिद्रामागे एक खास पदार्थ बसवतात. त्याला विजेचा झटका दिला की तो किंचित आकार बदलतो आणि शाई दाबली जाते. अशा पदार्थांचा विजेशी असलेला संबंध पिएर आणि झाक क्युरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली दाखवून दिला होता. धातूच्या शाईसाठी बहुधा ही दुसरी युक्ती वापरतात, कारण तिच्यात शाई तापवावी लागत नाही.

हा थेंब केवढा असतो, याची कल्पना करा. दहा पिकोलीटरचा थेंब घेऊ. असे १० कोटी थेंब एकत्र केले, तेव्हा कुठे १ मिलिलीटर शाई होते. त्या एका थेंबाची जाडी सुमारे २७ मायक्रोमीटर असते. एक मायक्रोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे असे दोन थेंब शेजारी शेजारी ठेवले, तरी ते केसाच्या जाडीत मावतील.

आता खरी अडचण येते. एवढा बारीक थेंब सोडायचा, तर छिद्रही तेवढेच बारीक हवे. चांदी कितीही कुटून तिची पूड केली, तरी तिचे कण सहसा काही मायक्रोमीटर जाडीचे राहतात. वीस मायक्रोमीटरच्या छिद्रातून असे कण जाऊ लागले, की गर्दीच्या वेळी एसटीच्या दारात होते तशी चेंगराचेंगरी होते आणि छिद्र तुंबते. कण छिद्राच्या शंभराव्या भागाहून लहान असावेत, असा या कामातला ठोकताळा आहे. शिवाय चांदी पाण्यापेक्षा साडेदहा पट जड आहे. मोठे कण शाईच्या तळाशी जाऊन बसतात.

म्हणून चांदीचे कण नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील एवढे लहान करतात. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चांदीच्या शाईतले कण पुष्कळदा २० ते ५० नॅनोमीटरचे असतात. वीस नॅनोमीटरचे साडेतीन हजार कण एका ओळीत ठेवले, तर ती ओळ एका केसाच्या जाडीइतकी होईल. एवढे हलके कण शाईत दीर्घकाळ तरंगत राहतात.

कण तरंगणारी शाई ही काही माणसाचीच करामत नाही. मिरकरवाडा बंदरावर माकूल येते, ते तुम्ही पाहिले असेल. ते साफ करताना हात काळे होतात. ती काळी शाई म्हणजेही पाण्यात तरंगणारे बारीक गोल कणच असतात आणि त्यांचा आकार साधारण शंभर ते दोनशे नॅनोमीटर असतो. शत्रू जवळ आला की माकूल ती शाई पाण्यात सोडते आणि तिच्या आडोशाने पळून जाते.

चांदीचे एवढे लहान कण कुटून होत नाहीत. ते रासायनिक क्रियेने वाढवावे लागतात. सिल्व्हर नायट्रेट नावाचा क्षार पाण्यात विरघळवला, की चांदी विद्युतभारित अणूंच्या, म्हणजे आयनांच्या रूपात सुटी होते. त्यात योग्य रसायन घातले, की त्या आयनांचे साधे अणू होतात आणि ते एकमेकांना बिलगून कण बनू लागतात. येथे एक धोका असतो. कण बिलगतच राहिले, तर त्यांचा मोठा गोळा होईल. त्यांना वेळीच थांबवायला हवे.

कसे थांबवायचे, ते फणस कापणाऱ्याला विचारा. तो विळीला आणि हातांना आधी खोबरेल तेल चोळतो, म्हणजे फणसाचा चीक चिकटत नाही. रसायनशास्त्रज्ञही हेच करतात. ते पाण्यात असा पदार्थ घालतात, की ज्याचा पातळ थर प्रत्येक कणाभोवती बसतो. मग कण एकमेकांजवळ आले तरी चिकटत नाहीत. शाई महिनोन् महिने टिकते ती या थरामुळे.

एवढ्या लहान कणांचे गुण मोठ्या तुकड्यापेक्षा वेगळे असतात. चांदीचे भांडे पांढरे चमकते, पण चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विरळ पसरले की पाणी पिवळे दिसते. सोन्याच्या कणांनी ते माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ साली सोन्याच्या अशा लाल द्रावणावरचे आपले प्रयोग लंडनमध्ये मांडले होते. आपल्या महाराष्ट्रातही या विषयावर मोठे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली बुरशीच्या मदतीने चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार केले. २००४ साली त्यांनी गवती चहाच्या जातीच्या गवताचा अर्क वापरून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण बनवले. हे कण शाईसाठी बनवलेले नव्हते. पण परसातल्या गवताच्या रसातही धातूचे कण घडवण्याचा गुण असतो, हे या प्रयोगामुळे जगाला कळले.

समजा, अशी शाई यंत्रात भरली आणि रेघ छापली. शाई वाळली. आता वीज जाईल का? अजून नाही. प्रत्येक कणाभोवती तो संरक्षक थर आहेच. ज्या थराने शाई टिकवली, तोच आता विजेची वाट अडवतो. म्हणून छापलेली रेघ तापवावी लागते.

आता एक नवल पाहा. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. पण चांदीच्या शाईची रेघ सुमारे दीडशे अंशांवर थोडा वेळ ठेवली, तरी तिच्यातून वीज वाहू लागते. भाकरीचा तवासुद्धा याहून जास्त तापतो. एवढ्याशा उष्णतेने चांदी एकसंध कशी होते?

याचे उत्तर कणांच्या पृष्ठभागात आहे. धातूच्या आतला अणू चारही बाजूंनी शेजाऱ्यांनी वेढलेला असतो. तो जागचा हलत नाही. पृष्ठभागावरच्या अणूला एका बाजूने शेजारी नसतो. तो सैल असतो आणि थोड्या उष्णतेनेही सरकू लागतो. आता एक गणित करू. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचा पृष्ठभाग मिळून ६ चौरस सेंटिमीटर होतो. हाच ठोकळा कापून २० नॅनोमीटर बाजूचे ठोकळे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ३०० चौरस मीटर भरेल. कबड्डीचे मोठे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. म्हणजे साडेदहा ग्रॅम चांदीचा पृष्ठभाग दोन मैदानांहूनही जास्त झाला! एवढ्या पृष्ठभागावर सैल अणू किती असतील, याचा विचार करा.

रेघ तापवली की आधी कणांभोवतीचा थर सुटून निघून जातो. मग जिथे दोन कण टेकतात, तिथे हे सैल अणू सरकत येतात आणि कणांमध्ये धातूची मान तयार होते. पावसाळ्यात डब्यातला किसलेला गूळ कसा गोळा होतो? गूळ वितळत नाही. त्याचे कण जिथे टेकतात तिथे एकमेकांना धरतात. चांदीचेही काहीसे तसेच होते. कण पूर्ण न वितळता सांधले जातात. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. धातूचा कण लहान झाला की त्याचा वितळणबिंदूही खाली येतो, हे जपानच्या ताकागी यांनी १९५४ साली प्रयोगाने दाखवले होते.

त्यामुळे प्लास्टिकच्या पातळ पानावर आणि कागदावरसुद्धा धातूची वाट तयार करणे शक्य झाले. अर्थात, सांधलेल्या रेघेत बारीक पोकळ्या राहतात. म्हणून ती सलग चांदीइतकी चांगली वाहक नसते. तिचा रोध सहसा काही पट जास्त असतो, पण पुष्कळ कामांना तो चालतो.

आता वाटेल, की शाई झाली, यंत्र झाले, उष्णता झाली. आता काम सोपे. तसे नाही. टेबलावर चहाचा थेंब सांडून वाळला, की त्याची कड गडद आणि मधला भाग फिका दिसतो. असे का होते, ते शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली नीट समजावून दिले. थेंबाची कड जागच्या जागी चिकटून राहते आणि तिथले पाणी लवकर उडते. ती जागा भरून काढायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि जाताना कण बरोबर नेते. चांदीच्या थेंबाचेही असेच होते. कडेला चांदीचा बांध आणि मध्ये जवळजवळ काहीच नाही, अशी रेघ तयार होते. तसे होऊ नये म्हणून शाईत लवकर उडणारा आणि सावकाश उडणारा असे दोन द्रव प्रमाणात मिसळतात.

थेंबांमधले अंतरही जुळावे लागते. थेंब दूर पडले, तर तुटक ठिपके होतात. फार जवळ पडले, तर शाई जागोजाग फुगते आणि शेजारच्या रेघेला जाऊन मिळते. अंतर नेमके असेल, तेव्हाच दोन्ही कडा सरळ येतात. पृष्ठभागाचेही तसेच. पूर्वीचे खुशनवीस लिहिण्याआधी कागदाला खळ लावत आणि तो घोटून गुळगुळीत करत, म्हणजे शाई फुटत नसे. चांदीच्या शाईसाठीही कागदावर किंवा प्लास्टिकवर योग्य लेप असावा लागतो.

अक्षराची रेघ एखाद्या ठिकाणी तुटली, तरी वाचणारा ते अक्षर ओळखतो. विजेला असे सांभाळून घेता येत नाही. हजार थेंबांच्या रेघेत एका जागी थेंब पडला नाही आणि केसाहून बारीक फट राहिली, तर सगळी रेघ निकामी होते. डोळ्यांना ती अखंड दिसत असेल, तरीही. म्हणून छापून झाल्यावर प्रत्येक रेघ मीटर लावून तपासतात.

हे तंत्र बरीच वर्षे मोठ्या प्रयोगशाळांपुरते होते, कारण खास यंत्र महाग असते. २०१३ साली टोकियो विद्यापीठातले योशिहिरो कावाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती इंकजेट प्रिंटरच्या रिकाम्या डब्यांत चांदीची शाई भरली आणि खास लेप दिलेल्या कागदावर सर्किट छापून दाखवले. त्या कागदावरचा लेपच कणांभोवतीचा थर काढून घेत असे, त्यामुळे रेघ तापवण्याचीही गरज पडली नाही. छापल्यावर थोड्याच वेळात तिच्यातून वीज वाहू लागली. हा प्रयोग वाचून जगभरच्या अनेक विद्यार्थ्यांनी आपापली सर्किटे छापून पाहिली.

मग आपल्या रत्नागिरीत अशी कागदी सर्किटे टिकतील का? हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. चांदीचा एक दोष दमट हवेतच उघड होतो. दोन रेघा जवळजवळ असतील, त्यांच्यामध्ये ओल असेल आणि वीज चालू असेल, तर एका रेघेतली चांदी थोडी थोडी विरघळते, ओलीतून पलीकडे जाते आणि दुसऱ्या रेघेवर झाडाच्या फांद्यांसारखी वाढू लागते. ती फांदी पहिल्या रेघेपर्यंत पोचली, की वीज भलत्याच वाटेने जाते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९५५ साली टेलिफोनच्या उपकरणांसंबंधात हा दोष सविस्तर मांडला होता. यावर उपाय आहेत. रेघांवर ओल न शिरणारा लेप द्यावा, रेघांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे. परंतु कोरड्या हवेच्या देशात ठीक चालणारी वस्तू कोकणात तशीच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. ती येथल्या हवेत तपासून पाहावी लागते.

दुसरी अडचण किमतीची. चांदी महाग आहे. तांबे पुष्कळ स्वस्त आहे, पण तांब्याचे अतिसूक्ष्म कण हवेत लगेच काळवंडतात आणि त्यांच्यावरचा तो थर वीज अडवतो. म्हणून तांब्याच्या रेघेवर झगझगीत प्रकाशाचा एक झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेळ टाकतात आणि ती काळवंडायच्या आत सांधतात. तिसरी गोष्ट स्वच्छतेची. चांदीचे सूक्ष्म कण जिवाणूंना मारतात. म्हणून उरलेली शाई मोरीत ओतू नये; ती वेगळी गोळा करून तिच्यातली चांदी परत मिळवावी. तांब्याचे विषारी पाणी टाळायला म्हणून निघालो आणि चांदीचे पाणी खाडीत सोडले, तर काय मिळवले?

या अडचणी असूनही शास्त्रज्ञ या कामामागे लागले आहेत, कारण कागदावर छापलेले उपकरण फार स्वस्त पडू शकते. २०१९ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी कागदावर कार्बनच्या रेघा छापून मासे आणि मांस ताजे आहे की नाही हे ओळखणारी पट्टी तयार केली. मासा खराब होऊ लागला की त्यातून अमोनियासारखे वायू निघतात. ते कागदातल्या ओलाव्यात विरघळतात आणि कागदातून जाणारी वीज वाढते. त्या पट्टीत चांदी नव्हती, पण कल्पना तीच: वाहक रेघ कागदावर छापायची. मासळी बर्फात घालून लांबच्या गावी पाठवणाऱ्या आपल्या बंदराला अशा पट्टीचा किती उपयोग होईल, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

भारतातही अशा पदार्थांवर संशोधन होते. इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणारे पदार्थ तयार करण्याकरिता १९९० साली 'सी-मेट' ही सरकारी संस्था सुरू झाली. तिच्या प्रयोगशाळा पुणे, हैदराबाद आणि त्रिशूर येथे आहेत. कानपूरच्या आयआयटीत वाकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र आहे. या कामात रसायनशास्त्र लागते, कारण शाई घडवायची असते. भौतिकशास्त्र लागते, कारण थेंब कसा सुटतो आणि कसा वाळतो हे समजून घ्यायचे असते. गणित तर लागतेच. या पाठातही आपण ते दोनदा केले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे या शाखेकडे वळले, तर दमट हवेत टिकणारी स्वस्त शाई हा प्रश्न तुमची वाट पाहत असेल. ज्याच्या घरात चार महिने ओल असते, त्याला हा प्रश्न कोणी समजावून सांगावा लागत नाही.

स्वाध्याय

प्रश्न १. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सर्व धातूंत विजेचा सर्वांत चांगला वाहक कोणता?
(आ) एक मिलिमीटर म्हणजे किती नॅनोमीटर?
(इ) शाईतल्या कणांभोवती पातळ थर का देतात?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) चांदीची साधी पूड इंकजेट यंत्रात चालत नाही.
(आ) छापलेली रेघ तापवावी लागते.
(इ) दमट हवेत चांदीच्या रेघांवर लेप द्यावा लागतो.

प्रश्न ३. फणस, गूळ आणि चहाचा थेंब यांची उदाहरणे या पाठात कशासाठी आली आहेत, ते आपल्या शब्दांत लिहा.

उपक्रम : मऊ, गडद पेन्सिलीने कागदावर दोन सेंटिमीटर लांबीची रुंद पट्टी गिरवून गिरवून काळी करा. नऊ व्होल्टची बॅटरी, एक लहान एलईडी दिवा आणि ही पट्टी एकामागोमाग एक जोडा. दिवा मंद लागेल. न लागल्यास दिव्याची टोके उलट करून पाहा. मग खोडरबराने पट्टी मधोमध आडवी पुसून टाका आणि काय होते ते वहीत नोंदवा. घरातल्या विजेच्या बटणाशी किंवा प्लगशी हा प्रयोग कधीही करू नका.